'रिअर विंडो' संथ? नाही हो!

लेख भारी झालाय, पण हिचकॉकच्या सिनेमांच्या यादीत 'रिअर विंडो'ला (१९५४) "जरा संथ" म्हणून एका ओळीत गुंडाळलंत ते काही पटलं नाही बुवा. जेम्स स्टुअर्ट पाय प्लास्टरमध्ये घालून खुर्चीत अडकलेला, कॅमेरापण जवळपास सगळा वेळ त्याच्याच खोलीत, आणि तरी समोरच्या एकेका खिडकीत वेगळीच गोष्ट चालू असते, ती एकटी बाई कोणी येणार नसताना दोघांसाठी टेबल मांडते ना, तो सीन मला समोरच्या घरातल्या खुनापेक्षा जास्त लागतो. ते अख्खं अंगण सेट आहे हं! पॅरामाउंट स्टुडिओमध्ये स्टेजची जमीन काढून तळघराच्या लेव्हलला बांधलं होतं.

पुढच्या वेळी हेडफोन लावून बघा. टायटल्सचं म्युझिक सोडलं तर बहुतेक सगळा आवाज आजूबाजूच्या घरांतून नाहीतर रस्त्यावरून येतो, रेडिओ, पियानो, गाड्या, भांडणं. आणि शेवटी रेमंड बर (खुनाचा संशय असलेला समोरचा शेजारी) स्टुअर्टच्या खोलीत येऊन तुला माझ्याकडून काय हवंय असं विचारतो तेव्हा स्टुअर्टकडे उत्तरच नसतं, इतका वेळ आपणपण त्याच्यासोबत फुकटात डोकावत बसलेलो असतो त्यामुळे आपलीपण तंतरते.

बाकी वर कमेंट्समध्ये सगळे हिरॉइन ग्रेस केलीच्या ड्रेसवरच अडकलेत (कॉस्च्युम डिझायनर एडिथ हेडचं काम, दिसणारच भारी), पण नर्स झालेल्या थेल्मा रिटरचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? मालिश करता करता स्टुअर्टला जे काय सुनावते ती, सगळ्यात धमाल डायलॉग तिलाच आहेत राव.