पावणेसहाची रिक्षा

परवा लेकीच्या मराठीच्या वहीत एक वाक्य वाचलं आणि तेव्हापासून ते मनातून जात नाहीये. शब्द दिला होता 'संध्याकाळ', वाक्यात उपयोग करायचा होता. ती दुसरीत आहे. तिनं लिहिलंय : 'संध्याकाळी आई दिवा लावते आणि अभ्यास घेते.'

बाईंनी बरोबरची खूण केलीय. वाक्य बरोबरच आहे. पण सात वर्षांच्या मुलीला संध्याकाळ म्हटल्यावर पळणं आठवत नाही, मैत्रिणी आठवत नाहीत, लंगडी आठवत नाही. दिवा आठवतो आणि वही आठवते. मी ती वही मिटून बराच वेळ तशीच बसून होते.

आमच्याकडे दुपारची शाळा आहे. ती बालवाडीत होती तेव्हा सकाळची होती, सव्वासातला बस यायची, पेंगणाऱ्या पोरीला उचलून गणवेश चढवायला लागायचा. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारचा निर्णय आला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. मी तेव्हाही त्या बाजूची होते, आजही आहे. आमच्या शाळेत एकाच इमारतीत दोन सत्रं चालतात, त्यामुळे मोठे सकाळी आले आणि ही चिल्लीपिल्ली दुपारी गेली. बारा ते साडेपाच. रिक्षाकाका तिला पावणेसहाला आमच्या गेटवर उतरवतात.

जुलैत याचं काही वाटलं नव्हतं. जुलैत पुण्यात सव्वासातपर्यंत सूर्य असतो. ढगाआड का होईना, उजेड असतो. पण जुलैत बाहेर खेळणार कुठे? सोसायटीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा आहे, तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसता चिखल. मुलं चार महिने खिडकीला नाक लावून बसतात. धाकटा चार वर्षांचा आहे, तो तर रोज विचारायचा, "पाऊस कधी संपणार?" मी म्हणायचे, "नवरात्र येऊ दे, मग संपेल."

नवरात्र आलं, परतीचा पाऊस दोन-तीन संध्याकाळी धो धो कोसळून गेला, आभाळ धुऊन निघाल्यासारखं निळं झालं. दसऱ्यापर्यंत जमीन वाळली. टाकीजवळचं गवत कमरेइतकं झालंय, त्यावर चतुर उडतायत, कडेला रानतेरडा अजून थोडा आहे. आणि आता सूर्य सहा वाजून पाच मिनिटांनी मावळतोय. आपल्याकडे मावळल्यावर तो फार रेंगाळतही नाही, वीसेक मिनिटांत काळोख. म्हणजे पावणेसहाला रिक्षातून उतरून, दप्तर टाकून, हातपाय धुऊन, दूध पिऊन पोर खाली उतरेपर्यंत उजेड जवळजवळ संपलेला असतो. ज्या दिवसांची मुलांनी चार महिने वाट पाहिली, ते दिवस आले आणि त्यांतली संध्याकाळच त्यांच्या हाती लागत नाही.

हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. आधी वाटत होतं, ऑक्टोबरच्या उकाड्यानं पोरं चिडचिड करतायत. आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "अगं, उकाडा नाही हा. पाय मोकळे झाले नाहीत त्यांचे." त्या दिवसभर घरी असतात, धाकट्याला सांभाळतात. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या त्याला खाली नेऊ शकत नाहीत. पण कळलं आधी त्यांनाच.

माझं बालपण इस्लामपूरचं. आमच्याकडे हादगा असायचा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरू, सोळा दिवस. पाटावर हत्तीचं चित्र, त्याला फळांच्या माळा, भोवती फेर. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं, आणि खिरापत ओळखल्याशिवाय ताटलीवरचा रुमाल काढायचा नाही. रोज एकीच्या अंगणात. शाळा पाचला सुटायची आणि आम्ही दप्तरं घेऊनच पहिल्या अंगणात शिरायचो.

हे लिहिताना मी थांबून विचार केला, कारण 'आमच्या वेळी' म्हणून बोटं मोडणं मला नको आहे. सूर्य तेव्हाही सहालाच मावळायचा. मग आम्हाला संध्याकाळ पुरायची ती कशी? एक तर शाळा चालत पाच मिनिटांवर होती, तो रस्ताच खेळण्यात जायचा. शिंगाडे विकणाऱ्या मावशींपाशी थांबायचं, ओल्या शेंगा वेचायच्या. दुसरं म्हणजे अंधार पडला तरी कुणाला काळजी नव्हती. अंगणात चार बायका भाजी निवडत बसलेल्या असायच्या, कुठलंही मूल कुणाच्याही नजरेच्या टप्प्यात असायचं. आज आमच्या सोसायटीत सहा ते आठ ही गाड्या आत येण्याची वेळ. मी साडेसहाला मुलांना एकटं खाली सोडू शकत नाही. भोंडला यंदाही झाला, पण रात्री साडेआठला, पार्किंगमध्ये, मोठे स्पीकर लावून. छोट्या मुली तोवर डोळे चोळत होत्या. पुढच्या वर्षी सुट्टीच्या दिवशी साडेपाचला उजेडात घ्या असं मी समितीला सांगितलंय आणि त्यासाठी लागेल ती मेहनत मी करीन.

त्यातच सहामाही. पालकांच्या ग्रुपवर दसऱ्याच्या आधीपासून सुरू आहे. 'बेरजा हातच्याच्या की बिनहातच्याच्या?' 'कुणाकडे मागच्या वर्षीचा पेपर आहे का?' नऊ दिवस रोज रात्री दहाला उद्याच्या रंगाची आठवण, आणि तिच्याच खाली उजळणीच्या कागदांचे फोटो. मी त्या आयांना दोष देत नाही, मीही त्यातलीच एक, मीही पेपर डाउनलोड केले. पण एक गोष्ट मनापासून सांगते. नवं शैक्षणिक धोरण २०२० चं, त्यानंतर २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात स्वच्छ म्हटलंय की या वयासाठी लेखी चाचण्या आणि परीक्षा हे मूल्यमापनाचं साधनच नव्हे. दुसरीपर्यंतची मुलं त्यात येतात. तरी आम्ही सगळे मिळून घरात वार्षिक परीक्षेसारखं वातावरण करतो. शाळा एक कागद देते आणि आपण त्याचे दहा करतो.

लेकीच्या वर्गातल्या दोघांना या वर्षी चष्मा लागला. तिलाही मी दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाल्या, डोळे छान आहेत, पण दिवसाउजेडी बाहेर काढा, लांबचं दिसू दे. घरी येऊन मी वाचलं. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर उजेडात ठेवण्याचा कार्यक्रमच घेतला, आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं नजर अधू होण्याचं प्रमाण त्यानंतर खाली येऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच वर्षांवरच्या मुलानं रोज सरासरी तासभर तरी दमेल असं खेळावं. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून तीन तास हालचाल व्हावी. तीन तास! माझा धाकटा घरात सोफ्यावरून उड्या मारतो म्हणून मी त्याला ओरडत होते. तो आपले तीन तासच पुरे करत होता बिचारा.

मग आम्ही घरात बसून ठरवलं. दुपारची शाळा म्हणजे सकाळ मोकळी. त्या सकाळीत आम्ही काय भरलं होतं? आठ ते नऊ गृहपाठ, दोन दिवस अबॅकस. ऑक्टोबरची सकाळ! रात्री गारवा, पहाटे गवतावर दव, टाकीच्या कोपऱ्यावरच्या प्राजक्ताखाली सडा. साडेनऊपासून ऊन चटके देतं, पण तोपर्यंतची दोन तासांची हवा अशी असते की वर्षात दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही. ती आम्ही खोलीत ट्यूबलाइटखाली घालवत होतो.

आता साडेसात ते पावणेनऊ मुलं खाली. अभ्यास दिवेलागणीनंतर, अर्धा तास, त्याहून जास्त नाही. अबॅकस बंद केलं. सकाळी कुणीतरी मोठं माणूस खाली हवं, आणि घरात दोन डबे आणि स्वयंपाक. मी पतसंस्थेत नोकरी करते, दहाला हजर व्हावं लागतं. पहिले दोन दिवस मी पाचला उठून सगळं करून खाली गेले आणि ऑफिसात माझं डोकं ठणकत होतं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, "अरे, मुलांचा उजेड मी माझ्या झोपेतून नाही काढू शकत." तो म्हणाला, "मग एक दिवस मी खाली, एक दिवस तू. जो वर असेल त्यानं पोळ्या करायच्या." त्याच्या पोळ्या जाड होतात. लेक म्हणते, बाबाची पोळी डब्यात मऊ राहते. भाजी आई रात्री बसल्या बसल्या चिरून ठेवतात. हे सगळं लिहिते आहे कारण 'मुलांना बाहेर खेळू द्या' असा सल्ला आयांना सहज दिला जातो, पण त्या एका तासासाठी घरातल्या प्रत्येकाला काहीतरी हलवायला लागतं, आणि बहुतेक घरांत ते हलवण्याचं काम एकट्या आईवर पडतं. ते तसं पडू देऊ नका.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सकाळी डोकं ताजं असतं गं, तेव्हाच अभ्यास घ्यायचा." मी म्हटलं, "वहिनी, ताजं डोकं शाळेला जातंच की बारा वाजता. ताजे पाय कुणाला देऊ?" त्या हसल्या. सोमवारपासून त्यांचा नातूही खाली येतो. कालपर्यंत सहा मुलं झाली. धाकटा प्राजक्ताचे केशरी देठ तळहातावर चोळून रंग काढतो आणि सगळ्यांना दाखवत फिरतो.

कोजागिरीला एक वेगळाच अनुभव आला. आमच्याकडे त्या दिवशी आश्विनी करतात, घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. लेक पाटावर बसली, नवा फ्रॉक, कपाळाला कुंकू, आणि धाकट्यानं भोकाड पसरलं, "मला का नाही?" आईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "तू ताम्हन धर, तुझ्याशिवाय ताईला ओवाळता यायचं नाही." तो लगेच गप्प. मग आम्ही दूध घेऊन गच्चीवर गेलो. सोसायटीतली बरीच मंडळी होती. कुणीतरी गच्चीवरचा दिवा बंद केला आणि मुलांना कळलं की चांदण्यात आपली सावली पडते. त्यानंतर दोन तास ती एकमेकांच्या सावलीवर पाय देत पळत होती. आठवडाभर न पळालेलं सगळं त्या रात्री पळून घेतलं त्यांनी. मसाला दूध पातेल्यात गार झालं. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला रडू येत होतं, कारण इतकं साधं काहीतरी त्यांना हवं होतं.

शाळेलाही मी पत्र दिलंय. मागणी एकच : दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल तेव्हापासून जानेवारीअखेरपर्यंत पहिली आणि दुसरीचा शेवटचा तास, पाच ते साडेपाच, रोज मैदानावर घ्या. वर्ग नको, फळा नको, कवायतही नको, नुसतं मोकळं सोडा. पुण्यात नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या आधीच मावळतो, तेव्हा घरी आल्यावर काहीच उरत नाही. मैदान शाळेपाशी आहे, उजेडही त्या वेळी शाळेपाशीच आहे. आठवड्यातून दोनदा खेळाचा तास असतो, तो दुपारी दीडला, भर उन्हात. तो उचलून शेवटी ठेवला तरी सुरुवात होईल. बाईंनी पत्र वाचलं, म्हणाल्या, "मला पटतंय, पण वेळापत्रक वरून येतं." पुढे पाठवते म्हणाल्या. आमच्या वर्गातल्या अकरा पालकांनी सह्या दिल्यात. ज्यांची मुलं दुपारच्या शाळेत आहेत त्यांनी आपापल्या शाळेत विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते इथे लिहा. मला खरंच हवंय ते.

उद्या लेकीचा गणिताचा पेपर आहे. आज रिक्षा पाच मिनिटं लवकर आली. ती उतरली, दप्तर माझ्याकडे ढकललं आणि म्हणाली, "आई, अजून उजेड आहे!" मी दप्तर घेतलं आणि तिथेच कट्ट्यावर बसले. दूध खालीच मागवलं, आईंनी धाकट्याबरोबर लिफ्टनं पाठवलं. सातवीणीला फुलं लागलीत, अंधारायला लागलं की तिचा वास दाटत जातो. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत मुलं मला दिसत होती, मग फक्त लेकीचे पांढरे मोजे दिसत होते. बेरजा आम्ही साडेसातला केल्या. हातच्याच्या दोन चुकल्या.