दर कापायचाय? मग कारण लेखी द्या

अमेरिकेतल्या ओळखीच्या एका थेरपी क्लिनिकला मेडिकेडकडून, म्हणजे राज्यं चालवतात त्या गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याकडून, आलेला रेमिटन्स (बिलांच्या पैशांचा हिशोब) आज पाहिला आणि डोकंच फिरलं. लहान मुलांच्या स्पीच थेरपीचा नेहमीचाच बिलिंग कोड, पण मंजूर दर गेल्या वेळेपेक्षा कमी. कारणाच्या रकान्यात फक्त ४५ हा आकडा. म्हणजे तुमचं बिल आमच्या दरापेक्षा जास्त. दर का उतरला ते हा ४५ कधीच सांगत नाही.

अमेरिकेत राज्याच्या खात्याला नियम करायचा असेल तर वाट ठरलेली आहे. कॅलिफोर्नियाचंच घ्या. नोटीस, हरकतींना ४५ दिवस, कुणी मागितली तर सुनावणी, मसुदा बराच बदलला तर आणखी १५ दिवस, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर. मेडिकेडच्या दरांची वेळ आली की मात्र कायद्यातच एक वाक्य घुसवतात: खात्याने नियम न करता बुलेटिन (नुसतं परिपत्रक) काढून अंमल करावा. २०११ साली मेडी-कॅलच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या मेडिकेडच्या दरांत १० टक्क्यांपर्यंत कपात झाली, तेव्हाही हेच.

मान्य, हजारो कोड असतात, ते दरवर्षी जानेवारीत बदलतात, प्रत्येकासाठी वर्षभर थांबलं तर वाढही अडकेल. मग वाढीला द्या ना सूट! कपातीला कशाला?

दर बदलण्याआधी नोटीस द्यायची सक्ती अमेरिकेच्या केंद्र सरकारने केलीच आहे की, असं म्हणणाऱ्यांनी तो केंद्रीय नियम, ४४७.२०५, वाचावा. नवा दर लागू होण्याच्या आदल्या दिवशी नोटीस छापली तरी चालते. राज्याने ३० जूनला नोटीस छापायची, योजनादुरुस्ती (राज्याच्या मेडिकेड योजनेतला बदल) केंद्राच्या मंजुरीला ३० सप्टेंबरला पाठवायची, आणि दर १ जुलैपासून लागू! कारण दुरुस्ती ज्या तिमाहीत पाठवली तिच्या पहिल्या दिवसापर्यंत मागे नेता येते. मंजुरी येईपर्यंत क्लिनिकला जुन्या दराने पैसे मिळत राहतात, पगार होतात, भाडं जातं. मग जुने क्लेम (बिलं) नव्या दराने पुन्हा चालवून फरक पुढच्या चेकमधून कापून घेतात. त्या क्लिनिकला आता हीच धास्ती आहे. थेरपिस्टला दिलेला पगार कुणी परत मागू शकतं का?

बरं, कोर्टात जावं तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या आर्मस्ट्राँग निकालाने तेही दार लावलं. दर पुरेसे हवेत असं मेडिकेडच्या केंद्रीय कायद्यातलं १९०२(ए)(३०)(ए) हे कलम म्हणतं, पण त्याच्या आधारे दर वाढवून घ्यायला डॉक्टर किंवा संस्था दावा लावू शकत नाहीत. दावा लावता येत नाही म्हणूनच हरकतींचे ते ४५ दिवस हवेत. ते काढून घेतल्यावर एखाद्या पोराची थेरपी आठवड्यातून दोनदाची एकदा का झाली, हे त्याच्या आईने कुणाला विचारायचं?

खात्यात बसलेली माणसं वाईट नसतात, बजेट त्यांच्याही हातात नसतं. पण लेखी उत्तर द्यायचं असलं की हिशोब नीट करावाच लागतो.

तोवर जे हातात आहे ते करा. २०२४ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे एकूण दर मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या केंद्रीय आरोग्य विम्याच्या) किमान ८० टक्के असतील, वर्षातली कपात ४ टक्क्यांच्या आत असेल आणि सेवा मिळण्याबद्दल लोकांकडून गंभीर तक्रार आली नसेल, किंवा आलीच तर राज्याकडे तिचं पटेल असं उत्तर वा उपाय असेल, तरच कपात मंजूर करून घेताना राज्याची सुटका थोडक्या कागदांवर होते. तिन्ही अटी लागतात, आणि तिसऱ्या अटीवर आपल्याला बोलता येतं. नोटीस दिसली की मुदतीत लेखी पाठवा: कोड, तासाचा खरा खर्च, वेटिंग लिस्टवर किती मुलं, नवे पेशंट घेणं कधी बंद केलं. नुसतं 'दर कमी आहेत' लिहू नका. आणि पाठवलेल्याची प्रत जपून ठेवा.