उशीर फुकट नसतो : ग्रॅफाइटच्या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

ग्रॅफाइट खाणींवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि का पटला नाही ते तुम्ही सविस्तर लिहिलंत, याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. परवाना रखडलेल्या ग्रॅफाइट कंपन्यांपासून लांब राहा असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवतोय, असं तुमचं म्हणणं. बॅटरीला ग्रॅफाइट लागणारच, चीनने निर्यातीला वेसण घातलीच आहे, म्हणजे परवाना आज ना उद्या मिळणारच. तोवर भाव पडेल तसा माल गोळा करत राहायचं. खाणीला विरोध करणारे विकासाच्या आड येतात, आणि माळढोक पक्ष्यापायी अख्खा जिल्हा अडकलेला ज्याने पाहिलाय त्या सोलापूरकराने तरी त्यांची कड घेऊ नये. शेवटी तुम्ही लिहिलंय की निवृत्तीच्या पैशातली काही रक्कम तुम्ही ऑस्ट्रेलियात नोंदलेल्या अशाच एका कंपनीत घातली आहे आणि दर तिमाहीला ॲव्हरेज करताय, म्हणजे पडत्या भावाने आणखी शेअर घेऊन खरेदीची सरासरी खाली आणताय.

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी चार ओळींत उत्तर दिलं असतं. निवृत्तीचा पैसा आहे म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. तुमच्या कंपनीचं नाव घेत नाही. मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही, तेव्हा अमुक विका, तमुक घ्या असं सांगणं माझं काम नव्हे. पण तुमच्या हिशेबात एक मोठा खर्च धरलेला नाही, आणि तो तुमच्याच खिशातून जातोय.

मागणीबद्दल आपलं भांडण नाहीच. एका इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत साधारण ५० ते १०० किलो ग्रॅफाइट असतं, लिथियमपेक्षा कितीतरी जास्त. जगातल्या नैसर्गिक ग्रॅफाइटपैकी सुमारे तीन चतुर्थांश चीन खणतो, आणि ॲनोडसाठी, म्हणजे बॅटरीतल्या ऋण टोकासाठी, लागणाऱ्या तयार ग्रॅफाइटमध्ये त्याचा वाटा ९० टक्क्यांच्या वर आहे. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने निर्यातीला सरकारी परवानगी सक्तीची केली. आपल्या केंद्र सरकारनेही जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत ग्रॅफाइट घातलं. इथपर्यंत तुमचं सगळं बरोबर. पण त्या बंधनांनंतर भाव उसळला का? नाही. २०२४ भर तो पडलेलाच राहिला, कारण चीनमध्ये कृत्रिम ग्रॅफाइटच्या कारखान्यांची क्षमता गरजेपेक्षा कितीतरी वाढली होती. पेट्रोलियम कोक (तेल शुद्ध करताना उरणारा कोळशासारखा पदार्थ) ३००० अंशांच्या आसपास तापवून बनवलेलं हे ग्रॅफाइट बॅटरीत उत्तम चालतं, आणि ॲनोडमध्ये आज त्याचाच वाटा मोठा आहे. त्याला ना खाण लागते, ना खाणीचा परवाना.

आता त्या खर्चाकडे येतो. ‘आज ना उद्या मिळणारच’ म्हणताना मधला काळ फुकटात जातो असं आपण धरून चालतो. खाण सुरू नाही म्हणजे विक्री नाही. पण ऑफिस चालू असतं, भूगर्भतज्ज्ञांचे पगार चालू असतात, वकील असतात, पर्यावरणाचे अहवाल असतात, नमुने तयार करायला छोटा प्रायोगिक कारखाना असतो. हा पैसा कुठून येतो? बँक अशा कंपनीला उभं करत नाही. मग कंपनी नवे शेअर छापते आणि मोठ्या फंडांना बाजारभावापेक्षा कमी दराने देते. परवान्याला उशीर म्हणजे आणखी एक वर्ष, आणि आणखी एक वर्ष म्हणजे नव्या शेअरांचा आणखी एक गठ्ठा.

आकडे घालून बघू. हे कल्पित आहेत, पण गणित खरं आहे. समजा कंपनीचे २० कोटी शेअर आहेत आणि भाव ५० रुपये, म्हणजे बाजारमूल्य १००० कोटी. वर्षाचा खर्च ८० कोटी. पहिल्या वर्षी ४० रुपयांनी शेअर विकले, २ कोटी नवे शेअर आले. परवाना आला नाही, भाव घसरला, दुसऱ्या वर्षी २० रुपयांनी विकावे लागले, आणखी ४ कोटी. तिसऱ्या वर्षी १० रुपयांनी, आणखी ८ कोटी. एकूण ३४ कोटी शेअर झाले. चौथ्या वर्षी परवाना आला, पेढे वाटले, आणि कंपनीचं मूल्य पुन्हा पूर्वीइतकं, म्हणजे १००० कोटी झालं. भाव किती? २९ रुपयांच्या थोडा वर. तुमचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला, परवाना मिळाला, कंपनी जिथे होती तिथे परत आली, आणि तरी ५० ला घेतलेला शेअर २९ वर आहे. ५० परत बघायचे तर कंपनीचं मूल्य १७०० कोटी व्हायला हवं. आणि खाण बांधायचा पैसा तर अजून उभाच करायचाय! परवाना मिळाल्यावर भाव उडण्याऐवजी कधीकधी पडतो तो यामुळेच. सगळ्यात मोठा गठ्ठा तेव्हाच येतो हे जाणत्यांना ठाऊक असतं.

तुम्ही म्हणाल, मी तर खाली घेतोय, माझी सरासरी कमी होतेय. होतेय, मान्य. पण सरासरी कमी होते ती तुमच्या भावाची. कंपनीतला तुमचा हिस्सा टिकवायला तुम्हाला दरवर्षी नवीन पैसा घालावा लागतोय, आणि तो कुठून येतोय? पेन्शनीतून. फंडवाल्यांना सवलतीचा दर मिळतो, वर बऱ्याचदा पुढे ठरावीक भावाने शेअर घेण्याचा हक्कही मिळतो. तुम्हाला बाजारभाव मोजावा लागतो. एकाच गाडीत बसलात तरी तुमचं तिकीट महाग आहे.

दुसरं, ‘परवाना’ असं एकवचनात म्हणण्यात फसगत आहे. आपल्याकडे पाहा: मायनिंग प्लॅनला इंडियन ब्युरो ऑफ माइन्सची मंजुरी, २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी, वनजमीन असली तर वन विभागाची परवानगी, वनहक्काचा प्रश्न असला तर ग्रामसभा. परदेशातही साखळी अशीच. स्वीडनच्या उत्तरेला टाल्गा या ऑस्ट्रेलियात नोंदलेल्या कंपनीचा विट्टांगी प्रकल्प आहे. (ही तुमची कंपनी नव्हे, गैरसमज नको.) तिथे रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांची चराऊ जमीन आहे. पर्यावरण परवाना एप्रिल २०२३ मध्ये मिळाला. लगेच अपील झालं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकायला नकार देईपर्यंत २०२४ उजाडलं. तेवढ्यावरही संपलं नाही. खाणपट्ट्याचा हक्क ही वेगळी मंजुरी, तिचा वेगळा वाद. युरोपियन युनियनला हा उशीर परवडत नाही, म्हणून २०२४ च्या कायद्यात त्यांनी धोरणात्मक खाणींसाठी परवान्याची मुदत २७ महिन्यांवर आणली, आणि मार्च २०२५ च्या धोरणात्मक प्रकल्पांच्या यादीत विट्टांगीही आली. सरकारं वेग वाढवू पाहतायत, हा तुमचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू पडतो. पण २७ महिने हीच जर वेगवान वाट असेल, तर वर सांगितलेला खर्च किती वर्षांचा धरायचा ते तुम्हीच ठरवा.

आता माळढोक. इथे तुमचं दुखणं खरं आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही. १९७९ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर त्यात सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर आले, सोलापूर आणि नगरमधल्या वस्त्या, शेतं, बाजारपेठा सगळं धरून. जमीन विकायची तर अडचण, बांधायचं तर अडचण. ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर यायला तीन दशकांच्या वर गेली. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते, म्हणजे पक्षीही वाचला नाही. कायदा कसा नसावा याचं हे उदाहरण आहे, कबूल.

पण हेच उदाहरण गुंतवणूकदाराच्या जागी बसून बघा. सोलापूरजवळच्या बोरामणीचं ठरलेलं नवं विमानतळ आठवा. शेतकऱ्यांकडून जमीन घेतली गेली, मागणी खरी होती, सोलापूरला विमान हवंच होतं, सरकारची इच्छा होती. मधे थोडी वनजमीन आली, माळढोक आला, आणि प्रकल्प तिथेच बसला. शेवटी काय झालं? जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि जून २०२५ मध्ये विमान उडालं ते होटगी रस्त्यावरच्या जुन्या विमानतळावरून. ‘सोलापूरला विमान येणारच’ म्हणणारा बरोबर ठरला. त्याच भरवशावर बोरामणीकडे प्लॉट घेऊन बसलेल्याला त्या बरोबर असण्याचा काय उपयोग झाला? ग्रॅफाइटचं हेच आहे. जगाला ते मिळेल. ते तुमच्याच खाणीतलं असेल, याची हमी मागणी देत नाही.

विरोधकांबद्दल एकच सांगतो, कारण तुम्ही त्यांना फार झटकन निकालात काढलंत. सिराह रिसोर्सेस कंपनीची मोझांबिकमधली बालामा खाण घ्या. सगळे परवाने हातात, उत्पादन कित्येक वर्षं चालू, अमेरिकेतल्या लुईझियानात स्वतःचा ॲनोड कारखाना, त्याला अमेरिकी सरकारचं कर्ज, टेस्लाशी करार. सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीच्या मोबदल्याच्या जुन्या तक्रारी घेऊन काही शेतकऱ्यांनी खाणीचा रस्ता अडवला. पुढच्या महिन्यातल्या निवडणुकीनंतर देशभर उद्रेक झाला. डिसेंबरमध्ये कंपनीला ‘परिस्थिती आमच्या हाताबाहेर’ असं कायदेशीररीत्या जाहीर करावं लागलं आणि सरकारी कर्जांच्या अटी मोडल्या गेल्या. खाण पुन्हा चालू झाली ती २०२५ च्या मध्यावर. म्हणून मी कंपनीच्या चकचकीत सादरीकरणाआधी गावकऱ्यांच्या हरकती वाचतो. कड घ्यायची म्हणून नव्हे, ती पैशाची माहिती असते म्हणून. मोबदला न मिळालेला शेतकरी परवान्याच्या आधी अडवेल किंवा नंतर अडवेल, पण अडवेल. बोरामणीच्या बाजूला जमीन गेलेल्या कुणाशीही अर्धा तास बोला, मोझांबिकला जायची गरज नाही.

परवान्यानंतरचा रस्ताही लांब आहे, तो थोडक्यात. खाणीतून निघालेलं ९४-९५ टक्के शुद्धतेचं ग्रॅफाइट बॅटरीत जात नाही. ते पिठासारखं दळून, कडा घासून गोल कण करावे लागतात, केसाच्या जाडीपेक्षा बारीक. या घासण्यात निम्म्याच्या आसपास माल भुकटी होऊन बाजूला पडतो. मग ॲसिडने किंवा उष्णतेने ९९.९५ टक्क्यांपर्यंत शुद्धीकरण, त्यावर कार्बनचा थर. त्यानंतर बॅटरी कंपनी नमुने तपासत बसते, आणि ते काम महिन्यांचं नसतं, वर्षांचं असतं. करार पक्का आहे की नुसतं सामंजस्य, हे बघायचं ते यासाठी.

हे क्षेत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. देशाला आणि जगाला चीनबाहेरचं ग्रॅफाइट हवंय, आणि ते कुणीतरी धीराने उभं करायलाच हवं. पण तो धीर ज्याच्याकडे पंधरा वर्षं आणि बुडाला तरी चालेल असा पैसा आहे त्याने दाखवावा. निवृत्तीच्या रकमेने नको. जे घातलंय ते राहू द्यायचं की काढायचं, तो तुमचा निर्णय. पण दर तिमाहीचा हप्ता एकदा थांबवून विचार करा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. आणि जाता जाता, परदेशी शेअर आहेत म्हणजे आयकर विवरणपत्रात शेड्युल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरताय ना, ते सीएला विचारून घ्या. नफा नसला तरी ते भरावं लागतं.

आता काम सांगतो. ऑस्ट्रेलियात उत्पादन सुरू न झालेल्या खाण कंपनीला दर तिमाहीला ‘अपेंडिक्स ५-बी’ नावाचा रोकड तक्ता जाहीर करावा लागतो. एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, पाच-सहा पानांचा. चकाचक फोटोंचा अहवाल वेगळा, तो बाजूला ठेवा. तक्त्याचा आठवा भाग काढा. ८.३ मध्ये तिमाहीचा खर्च, ८.६ मध्ये हाताशी असलेला पैसा, आणि ८.७ मध्ये त्यांचा भागाकार : पैसा आणखी किती तिमाह्या पुरेल. हा आकडा दोनच्या खाली गेला की कंपनीला ८.८ मध्ये तीन प्रश्नांची लेखी उत्तरं द्यावी लागतात. त्यातला दुसरा असतो, पैसा उभा करायला काय पावलं उचलली आणि ती कितपत यशस्वी होतील. गेल्या आठ तिमाह्यांचे तक्ते काढा, ८.७ चा आकडा एका कागदावर तारखेप्रमाणे मांडा, आणि शेजारी त्या त्या दिवशी एकूण शेअर किती होते ते लिहा. तो कागद इथे टाका. कंपनीचं नाव झाकून टाकलंत तरी चालेल. आपण दोघं मिळून बघू.