बातमी कुठे, फुलं कुठे!

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेपासून फुलं, सुविचार आणि 'हे वाचाच' यांचा नुसता रतीब. त्यातच कुणीतरी लिहितं, "बाबा काल गेले." लगेच त्याखाली कुणाचा तरी नाचाचा व्हिडिओ! मग एकजण वर काय आहे ते न बघताच टाळ्या ठोकून मोकळा. अरे, ज्याच्याबरोबर एका बाकावर बसून डबा खाल्ला, त्याच्या घरचं दुःख आपल्याला आठवड्याने, तेही तिसऱ्याकडून कळावं? डोकंच फिरतं.

खूपदा फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पुढे पाठवता येतो. म्हणजे लोक मुद्दाम आपलाच ग्रुप निवडून तो टाकतात! आणि "तू कसा आहेस रे?" असं विचारलं की सगळे चिडीचूप. कुणाची नोकरी गेली, कुणाची मुलगी आजारी आहे, कशाचा पत्ता नाही.

मला सुविचार नकोत. स्वतःबद्दल दोन ओळी लिहा, अशुद्ध असल्या तरी चालतील. आणि कुणाच्या घरी काही झालं तर हात जोडलेलं चित्र टाकून सुटू नका. फोन करा त्याला!