प्लेटचा हिशेब पोह्यांपुरता नाही

पोह्यांच्या महागाईवरच्या तुमच्या लेखात पोह्यांचा किलोचा भाव दिलाय, पण गाडीवरच्या पोह्यांच्या प्लेटचा खर्च तेवढ्यावर ठरत नाही. खरा खर्च तेल, शेंगदाणे, कांदा आणि गॅसचा. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेलं, मे २०२५ मध्ये १६.५ वर आलं, म्हणजे आधीच्या ५.५ च्या तिप्पटच. गाडीवाल्यांना व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळाच.

आमच्या कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लावणाऱ्या ताईंनी दर वाढवला नाही, कारण सकाळी सहाला येणारे हमाल, रिक्षावाले तुटतील. मग आधी ओलं खोबरं गेलं, नंतर शेंगदाणे मोजके झाले, आता लिंबाची फोड मागितली तरच मिळते. हीसुद्धा महागाईच आहे, फक्त दरफलकावर दिसत नाही. कृपया पुढच्या लेखात गाडीवाल्यांचा हा हिशेब मांडा.