एकाच रंगाची पाने आली म्हणून डाव खेळू नका

‘हातात एकाच रंगाची दोन पाने आली की सोडायची नाहीत, फ्लश लागतोच,’ असे टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकणाऱ्यांना सर्रास सांगितले जाते. फ्लश म्हणजे एकाच रंगाची, जसे सगळी बदामाची, पाच पाने. हा सल्ला साफ चूक आहे. फ्लॉपवरच, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठीची पहिली तीन पाने उघडताच, फ्लश लागण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी. रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलावरचे शेवटचे, पाचवे पान उघडेपर्यंत, थांबलात तरी जेमतेम ६ टक्के.

खरे नुकसान मात्र वेगळीकडेच होते. बदाम राजा आणि बदाम तिर्री घ्या. फ्लॉपवर राजा येतो, जोडी जमते, आपण पैसे लावत जातो; समोरच्याकडे राजा-राणी निघते, जोडी दोघांचीही राजाचीच, आणि बाजूच्या पानात राणीपुढे तिर्री काहीच कामाची राहत नाही. नवे खेळाडू इथेच सगळ्यात जास्त गमावतात, म्हणून तळमळीने सांगतोय. बदाम एक्का-राजा असेल तर जरूर खेळा, पण तो रंगामुळे नव्हे, पाने मोठी आहेत म्हणून.