चरित्रातली कुस्ती कुठं गेली?

खाशाबा जाधवांवरचे जेवढे छोटे लेख आजवर वाचले, त्यातल्या बहुतेकांत कुस्तीच नाही. कराडजवळचं गोळेश्वर असतं, १५ जानेवारी १९२६ असते, हेलसिंकी आणि कांस्यपदक असतं. पद्म पुरस्कार मिळाला नाही, हे तर हमखास असतं. पण ते मॅटवर उतरून नेमकं काय करायचे, हे शोधूनही सापडत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आज सविस्तर लिहितेय, कारण आमच्या वाचनालयानं यंदाही शाळकरी मुलांसाठी सातारा-सांगलीतल्या माणसांवर चरित्रलेखन स्पर्धा ठेवलीय आणि आलेले कागद वाचायचं काम माझ्याकडं आहे. कागद वेगवेगळ्या शाळांचे, मजकूर मात्र एकच. जन्म, शिक्षण, पुरस्कार, मृत्यू. मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढं आपण मोठ्यांनी जे ठेवलं, तेच त्यांनी उतरवलं.

खाशाबा मातीत घडलेले पैलवान. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा पहिल्यांदा मॅटवर लढले. मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते आणि समोरच्याला चीतपट केलं की कुस्ती संपते. मॅटवर गुणांचा हिशेब, नियम निराळे, पायाखालची जागाच अनोळखी. तरीही फ्लायवेट या वजनगटात ते सहावे आले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याची मान हातात आवळायची आणि त्याला सावरायच्या आत अंग वळवून खाली आणायचं. उंची बेताची, पण चपळाई अशी की हा डाव त्यांना शोभायचा. चार वर्षांनी हेलसिंकीत बँटमवेटला कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. सोव्हिएत मल्लाकडून आणि जपानच्या शोहाची इशीकडून हरले. सुवर्ण त्या इशीनंच नेलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक असं आलं. हे चार-पाच ओळींत मावतं. मग चौथीतल्या पोराला ते का सांगू नये? ढाक म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पोराला दाखवायला गावातली तालीम पुरते.

त्यांची उपेक्षा झाली हे खरंच. १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. हे सांगायलाच हवं. पण एवढंच सांगितलं की वाचणाऱ्याला त्यांची कीव येते, आणि कीव करावी असे ते नव्हतेच.

पैशाची गोष्टही अशीच अर्धवट येते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, लोकांनी वर्गणी काढली. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हा आकडा सगळे देतात, कारण तो थाटाचा आहे. मला खर्डेकरांचा निर्णय त्याहून मोठा वाटतो. गहाणखतावर सही करताना पदकाची खात्री कुणालाच नव्हती.

दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस छोट्या चरित्रातून सगळ्यात आधी गळतो. क्रिकेटपटू विजय हजारे आपल्या सांगलीचे, जन्म ११ मार्च १९१५. त्यांच्या नावाची ट्रॉफी सगळ्यांना माहीत, सांगलीतल्याच कित्येकांना ते सांगलीचे हे माहीत नसतं. अॅडलेडच्या १९४८ च्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या लिंडवॉल-मिलर या वेगवान गोलंदाजांसमोर दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. हे निदान कुठं कुठं येतं. पण १९४३ च्या पंचरंगी सामन्यांतली, म्हणजे मुंबईत धर्मावर बेतलेल्या पाच संघांत होणाऱ्या स्पर्धेतली, ती खेळी बघा. हिंदू संघाविरुद्ध रेस्ट, म्हणजे ‘बाकीच्यांच्या’ संघाच्या ३८७ धावा, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. त्या डावात ३०० धावांची एक भागीदारी झाली. जोडीला सख्खा भाऊ विवेक, आणि त्या ३०० मधल्या त्याच्या धावा २१. दुसऱ्या टोकाला तो टिकून राहिला नसता तर ३०९ झाले असते का? हजारेंवर दहाच ओळी लिहायच्या असल्या तरी एक ओळ विवेकची हवी, असं माझं ठाम मत आहे.

मिरजेचं उदाहरण तर रोजच्या वाटेवरचं. अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे कैरान्याचे, मिरजेत राहिले. १९३७ मध्ये प्रवासात असताना दक्षिणेतल्या एका रेल्वे स्टेशनवर गेले आणि मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. ‘किराणा घराण्याचे थोर गायक’ एवढ्यावर चरित्र आटोपतं. पण त्यांच्या गाण्याचा जीव सुरात होता, आणि तसा सूर धरायला तंबोरा तसाच लागतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन एकदा जवारी काढताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना बघा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा, त्यावर चढलेली तार, तारेखाली तिला टेकू देणारी घोडी. कारागीर घोडीचा माथा कानशीनं हलकेच घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा धागा सारतो. केसभर पुढं, केसभर मागं. एका जागी तार एकदम बोलायला लागते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे. माझ्या मते हे वाक्य त्यांच्या चरित्रात ‘थोर’ या शब्दाच्या जागी यायला हवं.

संतांच्या बाबतीत काम आणखी अवघड, कारण तिथं चमत्कार सगळी जागा खाऊन टाकतात. गोंदवलेकर महाराजांवर (१८४५–१९१३) आलेल्या कागदांत चमत्कार भरपूर आहेत. दुष्काळी माण तालुक्यात, जिथं पाऊसच बेभरवशाचा, तिथं येईल त्याला जेवू घालायचं व्रत चालवणं म्हणजे काय, यावर कुणी लिहिलं नाही. ती पंगत आजही उठते.

त्याच माणमधल्या मोहीची ललिता बाबर. ‘माणदेशी एक्स्प्रेस’ लिहून मुलं थांबतात. तीन हजार मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या. रिओत २०१६ ला तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करत अंतिम फेरी गाठली.

आणि पठ्ठे बापूराव. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घर सोडून तमाशात गेले, लावण्या रचल्या. त्यांच्यावर कागद आलेत, चांगले आहेत. पण त्या लावण्या फडावर उभ्या करणाऱ्या पवळेला प्रत्येकानं एक वाक्य दिलंय, तेही ‘साथ दिली’ एवढंच. जिच्या नावावर लोक गर्दी करायचे, जातीचा जाच सोसत जी त्या फडावर उभी राहिली, ती बाई ‘साथ’ म्हणून उरते, हे मला सोसवत नाही.

म्हणून यंदा स्पर्धेची मुदत वाढवून घेतलीय. ज्यांनी कागद दिलेत त्यांनी परत न्यावेत, दोन गोष्टी घालून पुन्हा द्यावेत. एक, त्या माणसानं आपलं काम कसं केलं याच्या निदान चार ओळी. दुसरी, त्याच्या कामाला हातभार लावणारा एक तरी माणूस, नावासकट. पुरस्कार शेवटी एका ओळीत चालतील. पालकांनो, पोरांना मोबाइलवरून उतरवून देऊ नका, त्यांना तालमीत न्या, मिरजेला न्या, गोंदवल्याला न्या. पवळेवर कुणी लिहिणार असेल तर मला आधी सांगा, वाचनालयातली पुस्तकं मी काढून ठेवते.